जुनी बॉबकॅट तापते? इंजिन खोलायच्या आधी मागचं दार उघडा

आमच्याकडे स्किड स्टीअर लोडर (जागेवरच गर्रकन फिरणारा छोटा लोडर) कोणत्याही कंपनीचा असो, साइटवर त्याचं नाव बॉबकॅटच. पिवळं दिसलं की जेसीबी, तसं हे. मी हे मशीन साखर कारखान्याच्या यार्डात चालवलंय, पोल्ट्रीतलं लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचा घाण झालेला भुसा, काढायला लावलंय, आणि त्याहून जास्त वेळ त्याच्या मागच्या दारात डोकं घालून उभा राहिलोय. दोन-तीन हात फिरून आलेलं जुनं मशीन ज्यांनी नुकतंच घेतलंय आणि मार्च उजाडताच ज्यांचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तापणाऱ्या मशीनला लोक बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून हात घालतात. मिस्त्री येतो, दोन मिनिटं आवाज ऐकतो आणि सांगून टाकतो, "हेड गॅस्केट गेलंय, खोलावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधली सीलची पट्टी. एकदा खोललं की चार दिवसांचं भाडं बुडालंच. माझा क्रम ठरलेला आहे. आधी हवा बघायची, मग पाणी, मग लोड, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांना खर्च जवळपास नाही, फक्त अंग काळं होतं.

काटा चढला त्या क्षणी

बकेट जमिनीवर टेकवा. ब्रेकर (दगड फोडायची हातोडी) किंवा दुसरं काही लावलं असेल तर त्याचं ऑइल बंद करा. इंजिन लगेच बंद करू नका आणि अगदी हळूही करू नका. रेस निम्म्यावर ठेवून तीन-चार मिनिटं उभं राहू द्या, म्हणजे फॅनही फिरतो आणि पाणीही. काटा खाली येऊ लागला तर तेही लक्षात ठेवा, पुढे शोधताना कामाला येतं.

अपवाद दोनच. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी बाहेर उसळत असेल तर त्या सेकंदाला चावी फिरवा, कारण आत फिरायला काही उरलेलंच नाही. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर एकाच बेल्टवर असतात. काटा चढतानाच बॅटरीचा दिवाही लागला तर आधी बेल्टकडे बघा.

रेडिएटरचं झाकण तेव्हा उघडायचं नाही. वरचा होज पाईप मुठीत धरून आरामात दाबता आला पाहिजे, तोवर थांबा. नंतरही जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, वाफ जाऊ द्या, मग पूर्ण काढा. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतणारा एखादा उत्साही हेल्पर प्रत्येक साइटवर असतो, त्याला आवरा. गरम हेडला गार पाण्याचा झटका बसला की चीर जाते. मग खरंच खोलावं लागतं.

मशीनखाली किंवा केबिन उचलून काम करायचं असेल तर आर्म पूर्ण खाली तरी हवेत, नाहीतर आर्मचा लोखंडी लॉक लावलेला तरी हवा. नुसत्या हायड्रॉलिकवर उभे असलेले आर्म म्हणजे टांगलेलं वजन आहे. चावी काढून खिशात ठेवा.

कधी तापतं, ते विचारा

मशीन घेऊन आलेल्या ऑपरेटरला मी पहिला प्रश्न हाच करतो. उत्तर ठरलेलं असतं: "सारखीच तापती, मालक." मग दुसऱ्यांदा, जरा चहा पाजून विचारायचं. तेव्हा खरं येतं. "नाय, सकाळी बरी असती. बगॅसच्या ढिगाकडं गेलं की तासाभरात काटा चढतोय." बगॅस म्हणजे रस काढलेल्या उसाचा भुसा.

हे उत्तर निम्मं निदान आहे. उभं असताना ठीक आणि लोडवर अर्ध्या-पाऊण तासात तापत असेल, तर रेडिएटरला हवा कमी पडतेय किंवा तो आतून चोंदलाय. नुसतं उभं असतानाही भराभर तापत असेल, तर बेल्ट, पंप, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा पाण्याची पातळी. फक्त ब्रेकर लावल्यावर किंवा कडक मुरूम खणतानाच तापत असेल, तर संशय हायड्रॉलिकवर. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक होत असेल, तेव्हा मात्र गॅस्केटचा विचार मनात आणायला हरकत नाही.

काटाच खोटं बोलत नाही ना?

जुन्या मशीनला हा प्रश्न विचारावाच लागतो. सेन्सर म्हातारा झालेला असतो, अर्थिंगची वायर गंजलेली असते, कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा सेन्सर बसवलेला असतो. टेम्परेचर गन घ्या, लाल ठिपक्याची पिस्तुलासारखी मिळते ती. थर्मोस्टॅटच्या घराजवळ, जिथून पाणी इंजिनातून बाहेर येतं, तिथे मारा. चकचकीत अॅल्युमिनियमवर ही गन कमी आकडा दाखवते. म्हणून तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. गन 88 दाखवतेय आणि काटा लालमध्ये आहे, तर तुमचं इंजिन ठणठणीत आहे, सेन्सर बदला. चांगल्या अवस्थेतलं इंजिन साधारण 80 ते 95 अंशांत राबतं.

हवा

इथे घाई करू नका. मला भेटलेल्या तापणाऱ्या मशीनचा दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलाय.

हे मशीन जन्मालाच आलं ते अडचणीच्या जागेसाठी. 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सिरिल आणि लुई केलर या भावांनी एका टर्कीपालकाच्या शेडमधली घाण काढायला पहिला छोटा लोडर बनवला. त्याला चाकं तीन होती. चार चाकांचं रूप 1960 मध्ये आलं. जागेवर फिरावं आणि खांबांच्या मधून जावं, म्हणून सगळं आटोपशीर. त्याची किंमत इंजिन मोजतं. मागच्या चिंचोळ्या कप्प्यात इंजिन, त्याला जोडलेले हायड्रॉलिक पंप, रेडिएटर आणि ऑइल कूलर एकमेकांना चिकटून बसलेले. श्वास घ्यायला जागा कमी आणि काम मात्र भुशात, धुळीत, लिटरमध्ये.

गाळपाच्या हंगामात माझ्याच मशीनने मला चांगला धडा शिकवला. तीन दिवस तापत होतं. रोज संध्याकाळी हवा मारून रेडिएटरची जाळी साफ करत होतो. पलीकडचा दिवा जाळीतून दिसत नव्हता, पण तो जाळी दोन थरांची असल्यामुळे दिसत नसेल, असं मीच माझं समाधान करून घेतलं होतं. थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला. चौथ्या दिवशी वैतागून ऑइल कूलरचे चार बोल्ट काढले आणि कूलर पुढे ओढला. कूलर आणि रेडिएटरच्या मधे बगॅसची अखंड चटई. तेलात भिजलेली, धूळ खाल्लेली, बोटाएवढी जाड. दोन्ही हातांनी धरून काढली तर गोधडीसारखी एका तुकड्यात निघाली. वॉटर पंपाचे पैसे गेलेच. जुना पंप अजून रॅकवर आहे, चांगला आहे.

म्हणून जाळी बाहेरून साफ दिसते यावर विसंबू नका. दोन थर असतील तर ते वेगळे करा. काही मशीनमध्ये कूलर बिजागरीवर उघडतो, काहींत बोल्ट काढावे लागतात, काहींत रेडिएटर आडवा इंजिनाच्या डोक्यावर असतो. मग एका बाजूला टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने बघा. संपूर्ण जाळीतून सारखा उजेड आला पाहिजे.

साफ करण्याची रीत अशी. आधी हवा कोणत्या दिशेने वाहते ते शोधा: इंजिन हळू चालू ठेवून कागदाचा तुकडा जाळीसमोर धरा. कागद चिकटला तर हवा आत जाते, उडाला तर बाहेर येते. हात मात्र फॅनपासून लांब. नंतर इंजिन बंद करून, गार झाल्यावर, वाहत्या हवेच्या उलट दिशेने कॉम्प्रेसर मारा. म्हणजे कचरा आला तसाच परत जातो. बगॅस असो की कोंडा, आधी कोरडी हवाच. सुरुवातीलाच पाणी मारलं तर तो भिजून फुगतो आणि जाळीत पाचरीसारखा बसतो. कोरडं निघेल तेवढं निघालं की कोमट पाणी आणि साबणाची पावडर, अर्धा तास मुरू द्या, मग साध्या पाइपाने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर मला या कामाला आवडत नाही. पण वापरायचाच असेल तर नोझल वीत-दीड वीत लांब आणि अगदी सरळ धरा. तिरका फवारा पातळ पत्र्या आडव्या करतो आणि ती जाळी मग कायमची बंद. अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला विसरू नका. डिझेलने धुणारे लोक आहेत. दुसऱ्या दिवशी त्यावर दुप्पट धूळ बसते.

जाळी साफ केल्यावर आजूबाजूला बघा. रेडिएटरच्या कडेने रबराच्या किंवा स्पंजच्या पट्ट्या असतात. जुन्या मशीनमध्ये त्या गळून गेलेल्या असतात आणि कुणालाच त्यांची आठवण नसते. त्या नसल्या की फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूच्या फटीतून इंजिनाचीच गरम हवा पुन्हा ओढतो. दरवाजाला लावायची स्पंज पट्टी आणून चिकटवली तरी हंगाम निघतो. फॅनभोवतीचा पत्रा जागेवर आहे का, पाती तुटलेली नाहीत ना, आणि कुणी पंप बदलताना फॅन उलटा तर बसवला नाही ना, तेही बघा. उलटा बसलेला फॅन फिरतो, वाराही देतो, पण फार कमी.

शेवटी पोट. खालच्या पत्र्याचं झाकण काढा आणि साठलेला चिखल, तेल, भुसा खरवडून काढा. तेलकट भुसा गरम सायलेन्सरजवळ म्हणजे चुलीत ठेवलेलं सरपण आहे. बॉबकॅट जळाल्याच्या गोष्टी कानावर येतात, त्यातल्या बऱ्याच इथून सुरू होतात.

पाणी

पातळी थंड इंजिनावर, रेडिएटरचं झाकण काढून बघा. नुसत्या प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बघून भागत नाही, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं. याचं कारण बहुतेक वेळा झाकणच. झाकणावर 0.9 असा काहीतरी आकडा असतो, तो दाबाचा. 0.9 बारच्या दाबाखाली साधं पाणी 100 ऐवजी साधारण 118 अंशांना उकळतं. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा जातो आणि इंजिन फारसं तापलेलं नसतानाही पाणी उकळून बाहेर येतं. झाकण स्वस्त आहे. जुनं मशीन घेतलं की मी ते न तपासताच बदलतो, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं लावलं तर जुन्या होजचं पोट फुगतं.

होज दाबून बघा. मऊ पडलेला किंवा चिरा गेलेला असेल तर बदला. खालच्या होजवर जास्त लक्ष द्या, कारण पंप त्यातून पाणी ओढतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर जास्त रेसवर तो होज चपटा होतो. उभं असताना सगळं छान दिसतं, रेस वाढवली की पाणी बंद. कोणाला तरी रेस द्यायला सांगा आणि तुम्ही लांबून बघा.

बेल्ट मधोमध अंगठ्याने जोरात दाबला तर साधारण 8 ते 10 मिलिमीटर दबावा. नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात असतो. बेल्टची आतली बाजू आरशासारखी चमकत असेल तर तो घसरतोय. काही मशीनमध्ये फॅन बेल्टवर नसून हायड्रॉलिक मोटरवर असतो, तिथे फॅनचा वेग ऑइलच्या दाबावर ठरतो. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून गळल्याचा पांढरट किंवा हिरवा डाग दिसला, किंवा फॅन धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर पंप गेला.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे एक सल्ला फुकट मिळतो: "ते काढूनच टाका, आपल्याकडच्या उन्हात कशाला लागतंय?" मी याच्या पूर्ण विरोधात आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. ज्यात बायपास तसा नाही, तिथे इंजिन कधी नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, ऑइल खराब करतं. काढण्यापेक्षा तपासा. घरातलं पातेलं मागू नका, भांडण होईल, जुना डबा घ्या. त्यात पाणी, थर्मामीटर आणि दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट, तळाला न टेकता. त्यावर छापलेल्या अंशाला तो उघडू लागला पाहिजे. माझ्याकडच्या इंजिनाचा 71 ला हलायला लागतो आणि 85 च्या आसपास पूर्ण उघडतो. अर्धाच उघडून अडकला तर फेका.

आतून चोंदलेला रेडिएटर ओळखायला पुन्हा टेम्परेचर गन. इंजिन तापलेलं असताना जाळीवर चौकटी पाडल्यासारखं फिरवा. तापमान वरून खाली हळूहळू उतरत जायला हवं. मधेच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. हे आपल्या बोअरच्या पाण्याचं काम, किटलीत बसतो तसाच क्षार. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्या. अॅल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिक टाकीचा असेल तर बहुधा बदलावाच लागतो.

लोड आणि ऑइल

हायड्रॉलिक ऑइलचा कूलर रेडिएटरलाच चिकटून असतो. ऑइल तापलं की तीच गरम हवा रेडिएटरच्या वाट्याला येते, आणि बिचारं इंजिन बदनाम होतं. ऑइल गरम करायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे बकेट ढिगात रुतवून चाकं अडली तरी लिव्हर दाबून धरणं, किंवा सिलिंडर शेवटाला गेल्यावरही लिव्हर न सोडणं. दाब जास्त झाला की उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या ऑइलची सगळी ताकद उष्णता होते. नवीन ऑपरेटर हे दिवसभर करतो. त्याच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहून तो किंचाळल्यासारखा आवाज किती वेळा येतो ते मोजा.

पार्किंग ब्रेक अर्धवट लागलेला राहतो का, चेनच्या पेटीत ऑइल आहे का, हेही पाहा. धूर काळा येत असेल तर आधी एअर फिल्टर. डिझेल पंपाचं सील तोडून कोणी "पिकअप वाढवलं" असेल, तर ते जास्तीचं डिझेल उष्णताच वाढवतंय. तो पंप पंपवाल्याकडूनच मूळ मापावर आणा.

आता गॅस्केट

इथवर काही सापडलं नाही, तरच. थंड इंजिन, झाकण काढलेलं, पाणी तोंडापर्यंत. सुरू करा आणि तोंडाशी बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, आत अडकलेली हवा असते. पण रेस दिल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, त्यांना डिझेलच्या धुराचा वास असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. खात्रीसाठी निळ्या द्रावाचा टेस्टर मिळतो. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढायची, द्रावाचा निळा रंग बदलून हिरवा किंवा पिवळा झाला तर संशय खरा. हेड काढलंच तर सरळ पट्टी ठेवून सपाटपणा बघितल्याशिवाय आणि चीर तपासल्याशिवाय नवं गॅस्केट लावू देऊ नका. वाकड्या हेडवरचं नवं गॅस्केट महिनाभरही टिकत नाही.

भरताना

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. काढलेलं जुनं कूलंट मोरीत किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-गुरं चाटतात. कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवा. नवं हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, आणि केबिनला हीटर असेल तर त्याचा नळ उघडा ठेवून. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल. तेवढं वरून घाला, मग झाकण लावा. हवा आत अडकली तर नवं सगळं बसवूनही मशीन तापेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कराल.

मग एक तास खऱ्या लोडवर चालवा, दुपारी बाराला, सकाळच्या गारव्यात नाही. दर पंधरा मिनिटांनी चार जागी गन मारा: थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरचा वरचा होज, खालचा होज, हायड्रॉलिक टाकी. आकडे तारखेसह केबिनच्या आतल्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा. माझ्या मशीनमध्ये असे सहा ओळींचे आकडे आहेत. वरच्या आणि खालच्या होजमधला फरक आधीच्या ओळीपेक्षा वेगळा दिसला की मी दुसरं काहीही न खोलता आधी कूलरचे चार बोल्ट काढतो.